गल्लीचं काँक्रिटीकरण: माल, गाड्या आणि माणसं यांची आखणी कशी करायची

रस्त्याच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरच्या हातात पहिल्या दिवशी ड्रॉइंग येतं, बीओक्यू (कामाच्या बाबी आणि मापांची यादी) येतो, मिक्स डिझाइन (काँक्रीटच्या मिश्रणाचं प्रमाण) येतं. खडीची गाडी कुठे उभी राहणार, रिकामी झाल्यावर ती कुठून बाहेर पडणार आणि तेवढ्यात समोरच्या इमारतीतून रुग्णवाहिका निघाली तर काय करायचं, हे त्यातल्या एकाही कागदावर नसतं. शहरातल्या रस्त्याचं काम बहुतेक वेळा इथेच अडतं. काँक्रीट कसं घालायचं ते मुकादमाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. ते वेळेवर आणि लोकांची वाट न अडवता आत कसं येईल, हे बघणं तुमचं काम.

मी मुंबईच्या उपनगरांतल्या गल्ल्यांमध्ये हे काम केलं आहे, म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. महापालिकेच्या ताब्यात सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत आणि गेली काही वर्षं त्यांच्या काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू आहे. पुणे, ठाणे, नागपूर इथेही हीच पद्धत थोड्याफार फरकाने चालते.

लेखभर एकच गल्ली डोळ्यांसमोर ठेवा. लांबी ३०० मीटर, रुंदी ९ मीटर, म्हणजे आपला नेहमीचा तीस फुटी रस्ता. त्यात ७ मीटर गाड्यांसाठी आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा फूटपाथ. दोन्ही टोकं मोकळी. आत बारा-चौदा सोसायट्या, एक शाळा, एक दवाखाना आणि नाक्यावर भाजीवाले.

पायरी १: गल्ली चार वेळा चाला

बॅरिकेड मागवण्याआधी ही गल्ली पायी फिरा. एकदा सकाळी साडेसहाला, एकदा अकराला, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री अकरानंतर. प्रत्येक वेळी गल्ली वेगळी दिसेल. सकाळी शाळेच्या बस, दूधवाले आणि घंटागाडी. अकराला पाण्याचे टँकर, सिलिंडरची गाडी आणि कुरिअर. संध्याकाळी भाजीवाले आणि दुचाक्या. रात्री दोन्ही कडेला लागलेल्या मोटारी, ज्यांच्यामुळे ७ मीटरचा रस्ता ३ मीटरचा झालेला असतो. ड्रॉइंगवरची रुंदी आणि रात्रीची रुंदी यांतला फरक आधी लक्षात आला नाही, तर पहिल्याच रात्री डंपर आत शिरत नाही.

चालताना कागदावर नोंदी करा. प्रत्येक सोसायटीचं फाटक कुठे आहे आणि ते कोणत्या बाजूला उघडतं. खाली लोंबणाऱ्या केबल आणि झाडांच्या फांद्या, कारण डंपर रिकामा करताना त्याचा हौदा बराच उंच जातो. जुन्या चेंबरची झाकणं, ट्रान्सफॉर्मर, वळणाच्या कोपऱ्यावरचा खांब. मिक्सरची गाडी आठ-नऊ मीटर लांब असते. तिला वळायला नाक्यावर किती जागा लागते, हे टेपने मोजा, अंदाजाने ठरवू नका.

आणखी एक यादी करा. मी ती प्रत्येक कामावर करते. कोणत्या इमारतीत अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे, कुणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, कुणाचे दिवस भरत आलेत, कोण व्हीलचेअरवर आहे. हे सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात, पण त्यांच्यापेक्षा नेमकं वॉचमनला ठाऊक असतं. ही यादी तुमच्याजवळच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. खोदकाम कोणत्या टोकाकडून सुरू करायचं, हे मी बऱ्याचदा या यादीवरून ठरवलं आहे.

पायरी २: फेऱ्या मोजा

आता हिशोब. रस्ता एका वेळी अर्धाच करायचा, म्हणजे ३.५ मीटर रुंद आणि ३०० मीटर लांब. क्षेत्रफळ १,०५० चौरस मीटर. समजा खाली २० सेंटिमीटर जीएसबी, म्हणजे खडीचा पाया, त्यावर १५ सेंटिमीटर डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, आणि वर २५ सेंटिमीटर पीक्यूसी, म्हणजे एम-४० ताकदीचं रस्त्याचं काँक्रीट. एकूण ६० सेंटिमीटर. तुमच्या रस्त्याची जाडी डिझाइनप्रमाणे वेगळी असेल, हिशोबाची रीत हीच.

खोदकाम ६३० घनमीटर. उकरलेली माती फुगते. तीस टक्के वाढ धरली तर सुमारे ८२० घनमीटर माल बाहेर न्यायचा. १४ घनमीटरच्या हायवाने, म्हणजे मोठ्या डंपरने, ५९ फेऱ्या. जीएसबीचा सुटा माल साधारण २७० घनमीटर, म्हणजे २० फेऱ्या. डीएलसी १५८ घनमीटर, ६ घनमीटरच्या गाडीने २७ फेऱ्या. पीक्यूसी २६३ घनमीटर, मिक्सरच्या ४४ फेऱ्या. बेरीज १५०.

दोन्ही बाजू मिळून ३०० फेऱ्या झाल्या. प्रत्येक गाडी आत येते आणि बाहेर जाते, म्हणजे या एका गल्लीच्या तोंडावरून अवजड गाडी ६०० वेळा जाणार. पाइप, चेंबर, डॉवेल (जॉइंटमधल्या लोखंडी सळ्या) आणि क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायच्या पाण्याचे, टँकर यात धरलेलेच नाहीत. हा आकडा सोसायटीच्या बैठकीत आणि तुमच्या साहेबांसमोर स्पष्ट मांडा. काम किती मोठं आहे हे लोकांना मीटरपेक्षा गाड्यांच्या संख्येवरून लवकर समजतं.

वजनाचाही विचार करा. ६ घनमीटर काँक्रीट म्हणजे १४ टनांहून जास्त. त्यात गाडीचं स्वतःचं वजन धरलं की पंचवीस टनांच्या आसपास भार रस्त्यावर येतो. हा भार उघड्या ठेवलेल्या जुन्या अर्ध्या रस्त्यावरून जाणार आहे. तिथे खाली शंभर वर्षांची विटांची गटारं किंवा कमकुवत झालेले स्लॅब असू शकतात. संशय असेल तिथे आधी जाड लोखंडी प्लेट टाका.

पायरी ३: ३१ मेपासून मागे मोजा

मुंबईत पावसाळ्याआधी खोदलेला रस्ता वाहतुकीला सुरक्षित करून द्यायची मुदत साधारण ३१ मे असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि उघडा चर म्हणजे जिवावरचा धोका. म्हणून वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे मांडा.

एका बाजूला लागणारे दिवस असे धरते: पाणी, मलनिःसारण, पर्जन्यवाहिनी आणि केबलच्या कामाला २५. खोदकामाला ५. जीएसबीला ४. डीएलसी घालायला २ आणि त्याच्या क्युरिंगला ७. पीक्यूसीला ६. त्यानंतर इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १५ या मानकाप्रमाणे नेहमीच्या काँक्रीटवर वाहतूक सोडायला २८ दिवस. पंच्याहत्तरच्या वर जातात. दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेहून जास्त, आणि ३१ मेपासून दीडशे दिवस मागे गेलं की आपण १ जानेवारीला पोहोचतो.

म्हणजे जानेवारी उजाडल्यावर पूर्ण गल्ली हातात घेणं आधीच उशिराचं आहे, कारण या हिशोबात एकही सुट्टी, एकही फुटलेली पाण्याची लाइन, एकही संप धरलेला नाही. फेब्रुवारीत कुणी "दोन्ही बाजू एकदम उघडा, मेपर्यंत होईल" म्हणालं, तर नाही म्हणा आणि वरचे आकडे समोर ठेवा. अशा वेळी एकच बाजू करून उरलेली पावसाळ्यानंतर घेणं हे लोकांच्या हिताचं असतं.

तारखा टाकताना पंचांग जवळ ठेवा. नवरात्र, दिवाळी, फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षा, रमजानच्या संध्याकाळी, होळी, लग्नसराई, आठवडी बाजाराचा वार. गणपतीच्या मंडपाचं आणि विसर्जनाच्या मार्गाचं नियोजन तर मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलूनच करायचं. पुण्यात पालखीचा मार्ग असेल तर त्याच्या तारखा कुणी हलवू शकत नाही, तुमचं काम हलवा.

पायरी ४: जमिनीखाली काय आहे ते हाताने उघडून बघा

नकाशे सगळ्या खात्यांकडून मागवा. जलखातं, मलनिःसारण, पर्जन्यजल, वीज कंपनी, गॅस कंपनी, टेलिफोन आणि इंटरनेटवाले. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केलं, त्यावरही खोदकामाची सूचना टाका. पण नकाशावर जिथे केबल आहे तिथेच ती जमिनीत असेल, असं धरून जेसीबी लावू नका. दर ३० मीटरला आणि प्रत्येक नाक्यावर रस्त्याच्या आडव्या दिशेने चाचणी खड्डे घ्या, तेही पहार-फावड्याने. विटा किंवा फरशा एका ओळीत लागल्या की खाली वीज केबल आहे असं समजून थांबा. पिवळा पाइप किंवा पिवळी पट्टी दिसली तर गॅस आहे. त्यांचा माणूस आल्याशिवाय पुढे हात घालू नका.

पाणीपुरवठ्याची वेळ लिहून घ्या. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येतं. घराघरांची जोडणी बदलायचं काम त्या तासांच्या बाहेर करा. चर बुजवण्याआधी मात्र पाणी सुटण्याची एक वेळ उघड्या चराने जाऊ द्या. गळती असेल तर तेव्हाच दिसते. हे एकदा चुकलं तर नवीन काँक्रीट फोडावं लागतं, आणि ते फोडताना बघणारे लोक पुढे तुमच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत.

रस्ता उघडा आहे तोवर रिकामे आडवे डक्ट, म्हणजे पुढे केबल ओढायचे पाइप, टाकून घ्या. किती आणि कुठे, हे केबलवाल्यांना बोलावून, जागेवर उभं राहून ठरवा.

दीड मीटरहून खोल चर असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. उकरलेली माती चराच्या कडेपासून किमान दीड मीटर दूर. अरुंद गल्लीत तेवढी जागा नसते, म्हणून तिथे माती कडेला टाकायचीच नाही. पोकलेनने (खोदाईच्या मशीनने) थेट डंपरमध्ये भरायची आणि डंपर नसेल तर पोकलेन थांबवायचा. मशीन रिकामं उभं राहिलं तर भाडं जातं, हे खरं. ढासळलेल्या चराखाली सापडलेला माणूस परत येत नाही.

पायरी ५: परवानग्या आणि वाहतूक

वॉर्ड ऑफिस, वाहतूक पोलिसांची एनओसी, बसचा मार्ग असेल तर बेस्ट किंवा तुमच्या शहराची परिवहन सेवा, उद्यान खातं, अग्निशमन दल. रस्त्यावरच्या कामाच्या वाहतूक व्यवस्थेसाठी आयआरसी एसपी ५५ हे मार्गदर्शक आहे. त्यातले चार टप्पे पाठ करा: आगाऊ सूचनेचा, रस्ता अरुंद होत जाण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा मोकळं होण्याचा. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. तुमच्या मार्गावरच्या नेमक्या वेळा वाहतूक चौकीतून लेखी घ्या आणि काँक्रीटच्या प्लँटवाल्यालाही द्या.

बॅरिकेडबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. उंच पत्र्याचं बॅरिकेड नाक्यावर आणि फाटकाशेजारी लावलं की गाडीवाल्याला मूल दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही. कोपऱ्यापासून काही मीटर जाळीचं किंवा कमी उंचीचं बॅरिकेड लावा. रात्री ब्लिंकर चालू आहेत का, हे स्वतः रात्री जाऊन बघा.

पायरी ६: गाडीने रिव्हर्स घ्यायचा नाही

आता मुख्य मुद्दा. अर्धा रस्ता बंद केला की उरलेला ३.५ मीटर लोकांसाठी उघडा आहे असं आपण फलकावर लिहितो. पण तुमचा मिक्सरही त्याच ३.५ मीटरमध्ये उभा राहून काँक्रीट ओतणार असतो. मिक्सर अडीच मीटर रुंद. म्हणजे काँक्रीट चालू असताना गल्ली सगळ्यांसाठी बंद असते, फलक काहीही म्हणो. हे कबूल करून आखणी केली तरच ती टिकते.

माझे नियम असे. गाड्यांनी एका टोकाने आत यायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर जायचं. गल्लीत एका वेळी एकच मिक्सर, पुढचा बाहेर ठरवलेल्या जागी थांबेल. ती थांबण्याची जागा आधी शोधा आणि तिथल्या दुकानदारांना विचारा. गल्लीत रिव्हर्स घ्यायचाच नाही. गल्ली एका बाजूने बंद असेल आणि रिव्हर्सला पर्यायच नसेल, तर मागे चालणारा झेंडेवाला हवा, त्याच्याकडे शिट्टी हवी आणि ड्रायव्हरला तो आरशात दिसायला हवा. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. अशा बंद गल्लीत काम आतल्या टोकाकडून सुरू करून तोंडाकडे या.

दोन्ही टोकांना एकेक माणूस वॉकीटॉकीसह ठेवा. रुग्णवाहिका किंवा बंब आला तर ओतणं थांबवून मिक्सर पुढे काढायचा, हा निर्णय त्या माणसाने तुम्हाला न विचारता घ्यायचा. त्याला तसं सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर मुकादम त्याच्यावर ओरडणार नाही.

पायरी ७: काँक्रीटच्या दिवसाचं घड्याळ

तयार काँक्रीटच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे मिक्सरमधलं काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत रिकामं व्हायला हवं. प्लँटपासून गल्ली ४५ मिनिटांवर असेल, तर तुमच्या हातात सव्वा तास उरतो, आणि तो ट्रॅफिकमध्ये सहज जातो. रस्त्याच्या काँक्रीटचं तापमान साइटवर पोहोचताना ३० अंशांच्या वर नको. एप्रिलच्या दुपारी ते सांभाळणं कठीण. म्हणून पहाटेची वेळ.

पण अजून एक घड्याळ आहे. काँक्रीट घट्ट होऊ लागलं की साधारण ८ ते १२ तासांच्या आत ग्रूव्ह (जॉइंटच्या खाचा) कापावे लागतात, जाडीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश खोल. उन्हाळ्यात हे आणखी लवकर करावं लागतं. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच मनाला येईल तिथे तडकतं. आणि कटरचा आवाज गल्लीतल्या सगळ्या आवाजांत कर्कश. दुपारी बारा ते चार काँक्रीट घातलंत तर कटर रात्री आठपासून पहाटेपर्यंत चालवावा लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहे. कटिंगची वेळ आधी ठरवा, त्यावरून ओतायची वेळ काढा.

म्हणून मी दिवसाला ५० मीटरच घेते. ५० गुणिले ३.५ गुणिले ०.२५, म्हणजे ४४ घनमीटर, आठ मिक्सर. पहिला सकाळी सहाला साइटवर, प्रत्येकी वीस मिनिटं, नऊच्या आत ओतणं संपतं. कटिंग दुपारी दोनला सुरू होऊन रात्री नऊपर्यंत आटोपतं. साडेचार मीटरला एक आडवा जॉइंट धरला तर अकराच कापायचे असतात. तीन दिवसांचं काम सहा दिवसांत होतं, पण लोक झोपू शकतात.

गाड्या किती मागवायच्या? भरणं १०, प्रवास ४५, थांबणं १०, ओतणं २०, परतणं ४५, अशी १३० मिनिटांची एक फेरी. दर वीस मिनिटांना गाडी हवी तर किमान सात गाड्या फिरत्या हव्यात. आठच फेऱ्या आहेत, तेव्हा आठ गाड्या एकेका फेरीसाठी सांगणं सोपं. प्लँटला "सात-आठ गाड्या पाठवा" असं सांगू नका, प्रत्येक गाडीची निघायची वेळ लिहून द्या. सगळ्या एकदम आल्या तर मागच्या गाड्या दोन तासांची मर्यादा ओलांडतात.

सकाळी सहा ते नऊ या वेळेत एक मोठी अडचण आहे, आणि ती मी स्वतः भोगली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर शाळेच्या बसची वेळ मी विचारलीच नव्हती. सहा चाळीसला बस उलट्या टोकाने आत आली आणि मिक्सरसमोर उभी राहिली. मिक्सरच्या मागे मीच दोन गाड्या आत सोडल्या होत्या. कुणालाच मागे जाता येईना. बसमध्ये लहान मुलं, बाहेर घाबरलेले पालक. चाळीस मिनिटांनी वाट मोकळी झाली तोवर मागच्या दोन्ही गाड्यांतलं काँक्रीट घट्ट होत आलं होतं. एका ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी मारलं. मी ती गाडी परत पाठवली, पण आधी ओतलेल्या भागात कोल्ड जॉइंट, म्हणजे घट्ट झालेल्या आणि नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पडला होता आणि तो स्लॅब आम्हाला फोडून पुन्हा घालावा लागला. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून शाळेशी मी आधी बोलते. काँक्रीटच्या सहा दिवसांत बस नाक्यावर थांबते आणि आमची दोन माणसं मुलांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत सोडतात.

प्रत्येक चलनावर तीन वेळा लिहा: प्लँटवर भरल्याची, साइटवर आल्याची, रिकामी झाल्याची. सोबत स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) आणि तापमान. साइटवर ड्रममध्ये पाणी घालायला कुणालाही परवानगी नाही, हे ड्रायव्हरला गाडी भरण्याआधीच माहीत असायला हवं.

पायरी ८: फाटकं

काँक्रीट टाकल्यावर माणसं दुसऱ्या दिवशी त्यावरून चालू शकतात. मोटारींना मात्र २८ दिवस थांबायचं. ज्या सोसायट्यांची फाटकं त्या बाजूला उघडतात, त्यांच्या गाड्या महिनाभर एकतर आत अडकणार किंवा बाहेर राहणार. लोकांचा राग बहुतेक याच गोष्टीवरून होतो, आणि तो रास्त असतो, कारण त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

दोन उपाय आहेत. फाटकासमोरच्या पट्ट्यासाठी लवकर ताकद येणारं मिक्स डिझाइन सल्लागाराकडून मंजूर करून घ्या, म्हणजे चाचणीचे निकाल बघून तेवढा भाग लवकर उघडता येतो. आणि बाकीच्या दिवसांसाठी जवळच्या पालिकेच्या वाहनतळावर, शाळेच्या मैदानावर किंवा पुलाखाली जागा मागून घ्या. सात दिवस आधी प्रत्येक सोसायटीत मराठी-हिंदीत कागद लावा: अमुक तारखेला सकाळी पाचच्या आत गाड्या बाहेर काढा, अमुक ठिकाणी लावा, परत आणायची तारीख अमुक. खाली तुमचा स्वतःचा फोन नंबर द्या आणि फोन उचला. डायलिसिसला जाणाऱ्यांसाठी नाक्यापर्यंत स्ट्रेचर आणि तिथे रिक्षा किंवा रुग्णवाहिका ठरवून ठेवा. चरावरून जाणाऱ्या तात्पुरत्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. फळ्या हलता कामा नयेत, आणि वयस्कर माणूस काठी घेऊन त्यावरून जाऊ शकतो का, ते स्वतः काठी घेऊन चालून बघा.

घंटागाडीसाठी नाक्यावर जागा ठरवा, नाहीतर कचरा तुमच्याच चरात येईल. भाजीवाले आणि मासे विकणाऱ्या मावशी यांना कुठे बसवायचं, हेही तुमच्या आखणीत हवं. त्यांचं पोट रोजच्या विक्रीवर असतं, महिनाभर हलवायचं तर पर्यायी जागा दाखवूनच हलवा.

पायरी ९: माल, राडारोडा, पाणी

गल्लीत गोडाऊन नसतं. फूटपाथवर खडी ओतून ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. त्या दिवशी लागणारा माल त्या दिवशीच आणा. पाइप, डॉवेल, चेंबरची झाकणं यांसाठी जवळची एखादी जागा लेखी परवानगीने घ्या. झाकणं कुलपात ठेवा, चोरीला जातात, आणि उघडं राहिलेलं मॅनहोल किती भयंकर असतं ते मुंबईला सांगायला नको.

राडारोडा कुठे टाकायचा ते खोदायच्या आधी मंजूर करून घ्या आणि प्रत्येक फेरीची तिथली पावती ठेवा. मुंबईच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प दहिसर आणि शिळफाटा इथे आहेत. खाडीकडेला किंवा तिवरांत एकही गाडी रिकामी होता कामा नये. डंपरवर ताडपत्री हवी, आणि गल्लीतून निघताना चाकं धुतलेली हवीत.

क्युरिंग १४ दिवस. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, रविवारीसुद्धा. त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं तपासलेलं पाणी किंवा विहिरीचं पाणी मिळवा, गल्लीतल्या पिण्याच्या लाइनला पाइप लावू नका.

झाडांच्या खोडाभोवती किमान १ मीटर जागा मोकळी ठेवा. पोकलेनने मुळं ओढली की झाड त्या वर्षी उभं राहतं आणि पुढच्या पावसात पडतं. मुळाजवळ हातानेच खोदा.

मजुरांसाठी पिण्याचं पाणी, सावली आणि स्वच्छतागृह हे आखणीच्या नकाशावर काढलेलं असायला हवं. माझी पहिली दोन वर्षं साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आम्ही सगळ्या दिवसभर पाणी न पिता काम करायचो. आता मी बॅरिकेडच्या आधी फिरतं स्वच्छतागृह मागवते. मजुरांची लहान मुलं सोबत असतील तर त्यांची बसायची जागा गाड्यांच्या वाटेपासून दूर, कठड्याआड हवी.

पायरी १०: रोजची पंधरा मिनिटं

संध्याकाळी सहाला मुकादम, पोकलेनवाला, प्लँटचा माणूस आणि दोन्ही टोकांचे झेंडेवाले एकत्र उभे करा. उद्या किती गाड्या, पहिली किती वाजता, कोणतं फाटक बंद, कोणाकडे लग्न आहे, पाणी कधी सुटणार. पंधरा मिनिटांत संपवा. मग तोच मजकूर चार ओळींत सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका. काम उद्या होणार नसेल तर तेही टाका. गाड्या पहाटे बाहेर काढल्या आणि दिवसभर काहीच झालं नाही, असं दोनदा झालं तर तिसऱ्यांदा कुणी गाडी काढत नाही.

पायरी ११: बाजू बदलताना आणि पावसाआधी

पहिली बाजू उघडताना घाईघाईत एका रात्रीत सगळं उलटं करू नका. आधी नवीन बाजूवरचं गोणपाट आणि वाळू काढा, जॉइंट भरले आहेत का बघा, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आहेत का ते पट्टी ठेवून तपासा. जुन्या आणि नव्या रस्त्याच्या उंचीत फरक असतो. तिथे तात्पुरता उतार करा, दुचाकी तिथेच घसरतात. मग वाहतूक वळवा आणि दोन दिवस वाहतूक पोलिसांना नाक्यावर थांबायची विनंती करा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शाखा अभियंत्यासोबत गल्ली पुन्हा चाला. पावसाच्या पाण्याच्या प्रत्येक जाळीचं झाकण उचलून आत हात घाला. काँक्रीटचा सांडलेला गाळ, वाळू, गोणपाटाचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या तिथेच जाऊन बसतात. सगळं काढल्यावर वरच्या टोकाला टँकर रिकामा करा आणि पाणी कुठे साचतं ते खडूने आखून ठेवा. जाळ्या मोजून, क्रमांक घालून वहीत लिहा आणि त्या वहीची एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या पर्जन्यजल विभागात देऊन या.